जे/साय 'वितळतो' म्हणजे नेमकं काय होतं? (जड क्वार्कांच्या जोड्या आणि क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा)

दीर्घवृत्त

प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते क्वार्क, आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. प्रचंड तापमानाला हे सुटे होऊन जी अवस्था होते तो क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा. त्यावरच्या बहुतेक लेखांत एक वाक्य हमखास सापडतं: अणुकेंद्रांच्या टकरीत जे/साय कण (जड क्वार्कांची एक जोडी) अपेक्षेपेक्षा कमी दिसले, म्हणजे ते वितळले, म्हणजे प्लाझ्मा तयार झाला. वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. प्लाझ्मात क्वार्क खरोखर मोकळे फिरतात, याचा सगळ्यात पटणारा पुरावा मला जे/साय कमी झाल्यात दिसत नाही. टकरीची ऊर्जा वाढवल्यावर ते पुन्हा वाढले, त्यात दिसतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेवनला सॅम्युएल टिंग यांच्या गटाला आणि स्लॅक प्रयोगशाळेत बर्टन रिक्टर यांच्या गटाला एकाच सुमारास एक नवा कण सापडला. एका गटाने त्याला जे म्हटलं, दुसऱ्याने साय, आणि जोडनाव कायम झालं. १९७६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. हा कण म्हणजे चार्म क्वार्क (क्वार्कांच्या जड प्रकारांपैकी एक) आणि त्याचा प्रतिक्वार्क (उलट भाराचा जुळा) यांची जोडी. वस्तुमान ३.०९७ जीईव्ही (या क्षेत्रात वस्तुमान आणि ऊर्जा याच एककात मोजतात; १ जीईव्ही म्हणजे १,००० एमईव्ही), म्हणजे प्रोटॉनच्या तिपटीहून जास्त. पुढे १९७७ मध्ये फर्मीलॅबला लिऑन लेडरमन यांच्या गटाने बॉटम क्वार्कची तशीच जोडी शोधली. ती अप्सिलॉन, ९.४६ जीईव्ही.

या जोड्यांना हायड्रोजनच्या अणूसारखे ऊर्जास्तर असतात. चार्मच्या घरात तळाला जे/साय, त्याच्या वर काय-सी, आणखी वर साय(२एस). बॉटमच्या घरात अप्सिलॉन १एस, २एस, ३एस. वरच्या स्तरातली जोडी ऐसपैस असते आणि तिची बांधणी सैल. साय(२एस) फोडायला जेमतेम ०.०५ जीईव्ही पुरतात, जे/सायला साधारण ०.६४ लागतात, अप्सिलॉन(१एस)ला १.१. ही उतरंड लक्षात ठेवा, सगळी गोष्ट हिच्यावर उभी आहे.

आता बल. दोन क्वार्क अगदी जवळ असले की त्यांच्यातली ओढ विद्युतभारांसारखी वागते. लांब गेले की मात्र ती कमी होतच नाही. दर फेम्टोमीटरमागे (१०^-१५ मीटर) सुमारे १ जीईव्ही ऊर्जा मोजावी लागते. रोजच्या मापात सांगायचं तर सोळा टन वजनाइतकी ओढ, आणि तीही प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरात. त्यामुळे एकटा क्वार्क कधी हाती लागत नाही.

१९८६ मध्ये तेत्सुओ मात्सुई आणि हेल्मुट झात्स यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. साधारण १५५ एमईव्ही तापमानाच्या वर (म्हणजे सुमारे १.८ लाख कोटी केल्विन, सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून जास्त) प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून क्वार्क आणि ग्लुऑन यांचा रस्सा होतो. या रश्शात रंगभार (विद्युतभारासारखाच, पण क्वार्क-ग्लुऑनांमधल्या बलाचा भार) सगळीकडे मोकळे असतात. चार्म आणि प्रतिचार्म यांच्या मधे ते घुसतात आणि दोघांची एकमेकांवरची ओढ झाकून टाकतात. आयनांच्या द्रावणात विद्युतभार झाकला जातो, त्याच डिबाय यांच्या कल्पनेचा हा विस्तार. तापमान वाढेल तसं हे झाकण जास्त जवळून बसतं. ते जोडीच्या आकारापेक्षा आखूड झालं की जोडी टिकत नाही. अर्थात आधी सैल जोड्या जाणार, मग घट्ट. कोणत्या उरल्या ते पाहायचं आणि तापमान सांगायचं.

कल्पना इतकी देखणी आहे की तिने पुढची चाळीस वर्षं प्रयोगशाळांना कामाला लावलं. निसर्गाने मात्र तिला बरेच फाटे फोडले. ते प्रतिसादांत घेऊ.

अनुस्वार

वाचते आहे. दोन शंका. प्लाझ्मा अगदी क्षणभर टिकतो असं ऐकलंय. जे/सायसुद्धा अल्पायुषीच असणार, मग प्लाझ्मात तो फुटला की आपल्या आपण मोडला हे कसं ओळखायचं? आणि एवढं तापमान असेल तर त्या उष्णतेतून नवे चार्म क्वार्क तयार होत नाहीत का?

दीर्घवृत्त

दोन्ही शंका मुद्द्याच्या आहेत. या क्षेत्रात वेळ 'फेम्टोमीटर भागिले प्रकाशवेग' अशी मोजतात. असं एक एकक म्हणजे ३.३ × १०^-२४ सेकंद.

चार्मची जोडी जन्मते ती टकरीच्या पहिल्याच झटक्यात, ०.१ एककाच्याही आत. तिचा नीट जे/साय व्हायला साधारण अर्धं ते एक एकक लागतं. प्लाझ्मा दहाएक एककं टिकतो. आणि जे/साय आपल्या आपण मोडायला किती वेळ घेतो? दोन हजारांहून जास्त एककं. त्याची ऊर्जारुंदी (वस्तुमानातली अनिश्चितता; ती जितकी कमी तितकं आयुष्य जास्त) अवघी ९३ केईव्ही, म्हणजे ०.०९३ एमईव्ही आहे, म्हणून हे आयुष्य एवढं लांब. तेव्हा तो स्वतःहून मोडतो तोवर प्लाझ्मा केव्हाच विझलेला असतो. प्लाझ्माच्या मुदतीत तो नाहीसा झाला, तर आजूबाजूच्या माध्यमानेच त्याला फोडला.

दुसरी शंका. एलएचसीत (जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचं टक्कर-यंत्र) अ‍ॅलिस प्रयोगाने प्लाझ्मातून निघालेल्या फोटॉनांवरून जे सरासरी तापमान काढलं ते ३०० एमईव्हीच्या आसपास आहे. चार्मचं वस्तुमान १,२७० एमईव्ही, आणि जन्माला घालायची तर जोडीच घालावी लागते. त्यामुळे उष्णतेतून निघणारे चार्म नगण्य. टकरीच्या पहिल्या झटक्यात जितके जन्मले तितकेच शेवटपर्यंत. ही गोष्ट फार सोयीची आहे, कारण चार्म क्वार्क सुरुवातीपासून हजर असतात आणि प्लाझ्माचं सगळं आयुष्य आतून बघतात.

लंबक

पण मोजतात कसं? शिशाच्या दोन अणुकेंद्रांच्या टकरीतून हजारो कण उडतात. त्यातून एक जे/साय शोधायचा म्हणजे काय करायचं?

ओंजळ

@लंबक, हे काम मी स्वतः केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जे/साय साधारण सहा टक्के वेळा म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि प्रतिम्युऑन यांत मोडतो, तेवढेच वेळा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमध्ये. म्युऑनवर रंगभार नसतो, त्यामुळे प्लाझ्मातून तो काही न बिघडता बाहेर येतो. शिवाय तो जाड भिंतीतून आरपार जातो. अ‍ॅलिसच्या म्युऑन विभागात टकरीच्या बाजूला चार मीटरहून लांब अडथळा आहे, मुख्यतः ग्रॅफाइट आणि काँक्रीटचा. बाकीचे बहुतेक कण त्यातच अडकतात. पलीकडे निघतात ते प्रामुख्याने म्युऑन.

मग प्रत्येक टकरीतला प्रत्येक धन म्युऑन प्रत्येक ऋण म्युऑनशी जोडून बघायचा. दोघांच्या संवेगांवरून 'हे एकाच कणातून आले असतील तर त्याचं वस्तुमान किती' ते काढायचं आणि आलेखात एक नोंद वाढवायची. यातल्या बहुतेक जोड्या खोट्या असतात, दोन म्युऑन वेगवेगळ्या ठिकाणचे. त्यांच्यामुळे आलेखात एक सलग उतरती टेकडी तयार होते. त्या टेकडीवर ३.१ जीईव्हीला टोक वर येतं, तो जे/साय. ३.६८६ला साय(२एस)चा उंचवटा असतो, आणि शिसं-शिसं टकरीत तो बघायला डोळे ताणावे लागतात. पार्श्वभूमीचा वक्र थोडा इकडचा तिकडे धरला तर तो उंचवटा वाढतो किंवा गायब होतो. विश्लेषणातला सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो: वेगवेगळे वक्र, वेगवेगळ्या मर्यादा, दरवेळी उत्तर किती हलतं ते बघायचं.

आणखी एक चाळणी लागते. बॉटम क्वार्क असलेले कण मोडूनही जे/साय निघतात, आणि प्लाझ्मातल्या जोडीशी त्यांचा संबंध नसतो. ते कण साधारण दीड पिकोसेकंद जगतात, म्हणजे टकरीच्या बिंदूपासून अर्धाएक मिलिमीटर किंवा जास्त पुढे जाऊन मोडतात. म्युऑनांचे माग मागे नेऊन ते कुठे मिळतात ते तपासलं की हे जे/साय वेगळे काढता येतात.

शेवटी तुलना. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत किती जे/साय निघतात ते मोजायचं आणि शिशाच्या टकरीत आत प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या किती सुट्या टकरी झाल्या त्या संख्येने गुणायचं. एकदम समोरासमोरच्या टकरीत ही संख्या दीड हजारांच्या वर जाते. प्रत्यक्ष मिळालेले भागिले अपेक्षित, या गुणोत्तराला आम्ही आर-एए म्हणतो. १ आलं तर माध्यमाचा परिणाम नाही, ०.३ आलं तर तीस टक्के उरले.

प्रश्नचिन्ह

ओंजळ, उत्तम प्रतिसाद. पण मला मूळ तर्कच खटकतो. आर-एए १ पेक्षा कमी आला, एवढ्यावरून प्लाझ्मा कसा सिद्ध होतो? अणुकेंद्र म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांची गर्दी. जे/साय त्या गर्दीतून बाहेर पडतानाही फुटू शकतो. त्याला प्लाझ्मा कशाला हवा?

कणाकण

प्रश्नचिन्ह यांनी अचूक ठिकाणी बोट ठेवलं आहे. हीच शंका सुरुवातीला संशोधकांनाही होती, आणि ती रास्त ठरली.

सर्नच्या एसपीएस यंत्रावर १९८६-८७ मध्ये एनए३८ प्रयोगाने ऑक्सिजन आणि गंधक यांची केंद्रं युरेनियमवर आदळली. जे/साय कमी दिसले आणि आनंदीआनंद झाला. नंतर लक्षात आलं की प्रोटॉन-केंद्र टकरीतही ते कमी होतात, जिथे त्या ऊर्जेला प्लाझ्माची अपेक्षाच नव्हती. ऑक्सिजन आणि गंधकाचे आकडे त्याच ओळीत बसले. म्हणजे ती घट मुख्यतः केंद्रातल्या गर्दीची होती. पुढे एनए५०ने शिसं शिशावर आदळलं, तेव्हा समोरासमोरच्या टकरींत त्या ओळीच्या खाली जाणारी जादा घट दिसली. फेब्रुवारी २००० मध्ये सर्नने द्रव्याच्या नव्या अवस्थेचे पुरावे मिळाल्याचं जाहीर केलं, त्यात या जादा घटीचा वाटा मोठा होता.

प्लाझ्माशिवायच्या या परिणामांना 'थंड' परिणाम म्हणतात, आणि ते एकच नाहीत. केंद्राच्या आत असलेल्या प्रोटॉनमधले ग्लुऑन मोकळ्या प्रोटॉनपेक्षा वेगळे वाटलेले असतात. एलएचसीच्या ऊर्जेला ते कमी भरतात, त्यामुळे चार्मच्या जोड्या मुळातच कमी जन्मतात. याला शॅडोइंग म्हणतात. मग गर्दीतलं शोषण. शिवाय बरोबरीने निघालेल्या इतर कणांशी धडक. म्हणून प्रोटॉन-शिसं टकरी वेगळ्या करून बघाव्या लागतात. तो हिशेब वजा केल्याशिवाय शिसं-शिसं आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक गुंता: मोजलेले सगळे जे/साय थेट जन्मलेले नसतात. बॉटममधून आलेले काढून टाकले तरी उरलेल्यांतले तीस-चाळीस टक्के काय-सी आणि साय(२एस) मोडून आलेले असतात. तेव्हा वरच्या सैल जोड्या फुटल्या की जे/साय स्वतः शाबूत राहूनही आकडा घटतो. एसपीएसवरची घट एवढ्यानेच समजावता येते, असं मानणारे बरेच आहेत.

अनुस्वार

म्हणजे तापमापकावर एकच आकडा दिसतो, पण तो चार-पाच गोष्टींचा मिळून आलेला असतो. मग दीर्घवृत्त म्हणतात ते 'पुन्हा वाढणं' कुठे आलं?

दीर्घवृत्त

येतो तिकडेच.

सन २००० मध्ये ब्रुकहेवनला आरएचआयसी हे टक्कर-यंत्र सुरू झालं. सोन्याची केंद्रं, प्रत्येक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) जोडीमागे २०० जीईव्ही. एसपीएसवर हाच आकडा सुमारे १७ होता. ऊर्जा दहापटीहून जास्त, प्लाझ्मा जास्त तापलेला, तेव्हा जे/साय आणखी कमी व्हायला हवे होते. फिनिक्स प्रयोगाने मोजलं तर मधल्या भागातली (झोताला काटकोनातली) घट जवळपास एसपीएसइतकीच! त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट पुढच्या दिशेला (म्हणजे झोताच्या रेषेजवळ) दिसली. टकरीच्या मधल्या भागात प्लाझ्मा सगळ्यात दाट असतो. पण जे/सायची घट पुढच्या दिशेला जास्त निघाली, जिथे प्लाझ्मा विरळ आहे. वितळण्याच्या साध्या चित्रात हे बसत नाही.

याचं एक उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. २००० मध्ये पीटर ब्राउन-मुंझिंगर आणि योहाना श्टाखेल यांनी, आणि २००१ मध्ये थ्यूज, श्रोडर आणि राफेल्स्की यांनी वेगळ्या वाटेने, असं सुचवलं की प्लाझ्मात सुटे झालेले चार्म आणि प्रतिचार्म शेवटी नव्याने जुळू शकतात. एका टकरीत एकच जोडी असेल तर ते दोघे पांगल्यावर पुन्हा भेटण्याची शक्यता कमी. पण जोड्या शंभर असतील तर प्रत्येक चार्मला शंभर प्रतिचार्म उपलब्ध. नव्याने जुळणाऱ्यांची संख्या ढोबळमानाने जोड्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि एसपीएसवर समोरासमोरच्या टकरीत सरासरी एकही जोडी नसते, आरएचआयसीवर दहाएक, एलएचसीवर शंभराच्या घरात.

म्हणजे इथे एक ठोस भाकीत मिळालं. नुसतं वितळणं खरं असेल तर एलएचसीवर जे/साय जवळपास संपायला हवेत. जुळणं खरं असेल तर आरएचआयसीपेक्षा जास्त उरायला हवेत.

नोव्हेंबर २०१० मध्ये एलएचसीत शिसं-शिसं टकरी सुरू झाल्या, २.७६ टीईव्हीला (२,७६० जीईव्ही). फिनिक्सला पुढच्या दिशेला, समोरासमोरच्या टकरींत, जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा उरलेला दिसला होता. अ‍ॅलिसने २०१२ मध्ये पुढच्याच दिशेचा आकडा प्रसिद्ध केला: आर-एए ०.५५च्या आसपास, आणि टकर किती समोरासमोर आहे यावर तो फारसा बदलतही नव्हता. चौदापट ऊर्जा, जास्त तापलेला, जास्त काळ टिकणारा प्लाझ्मा, आणि जे/साय दुपटीहून जास्त उरलेले.

माझ्या मते प्रश्नचिन्ह यांच्या शंकेचं खरं उत्तर इथे आहे. घट शंभर कारणांनी होऊ शकते. पण एका ठिकाणी जन्मलेला चार्म दुसऱ्याच ठिकाणी जन्मलेल्या प्रतिचार्मशी जोडी जमवतो, हे व्हायला दोघांनाही मधल्या माध्यमात मोकळं फिरता आलं पाहिजे.

प्रश्नचिन्ह

हे पटतंय. पण जास्त उरले याचा अर्थ कमी फुटले असाही होऊ शकतो ना? जुळूनच आले हे कशावरून?

ओंजळ

संवेगावरून. सुटे चार्म प्लाझ्मात धडका खात फिरतात, त्यामुळे त्यांचा बराचसा वेग उतरतो. त्यांच्यापासून जुळलेले जे/साय मंद असणार. अ‍ॅलिसच्या मोजमापात नेमकं तेच दिसतं: मंद जे/साय भरपूर उरतात, वेगवान फार कमी. एलएचसीवरच्याच सीएमएस प्रयोगाचे जे/साय मुख्यतः वेगवान, कारण त्याच्या जबरदस्त चुंबकातून आणि लोखंडातून मंद म्युऑन बाहेरच्या कक्षांपर्यंत पोचत नाहीत. सीएमएसला समोरासमोरच्या टकरींत मोठी घट दिसते. सुरुवातीला वाटायचं की दोन प्रयोगांत विसंगती आहे. प्रत्यक्षात दोघे एकाच वितरणाची दोन टोकं मोजत होते.

आणि ५.०२ टीईव्हीच्या विदेत (डेटात) मधल्या भागात पुढच्या दिशेपेक्षा जास्त जे/साय उरलेले दिसतात. मधल्या भागात चार्म दाट असतात. 'कमी फुटले' या चित्रात हे उलटं यायला हवं होतं.

ऋतुगंध

अवांतर, पण राहवत नाही. ओंजळ ज्या म्युऑन विभागाबद्दल लिहितात, त्यातल्या कक्षांचे संकेत वाचणारी 'मानस' ही चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने आरेखित केली आणि चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये ती बनली. म्हणजे वरच्या ०.५५ या आकड्यात त्या कामाचाही हातभार आहे. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

कणाकण

दीर्घवृत्त यांच्या मूळ मताशी मी बराचसा सहमत आहे, पूर्ण नाही. दोन हरकती.

पहिली. नव्याने जुळणाऱ्यांचा आकडा चार्मच्या एकूण संख्येच्या वर्गावर अवलंबून आहे, आणि ती संख्याच शिसं-शिसं टकरीत नेमकी माहीत नाही. मंद चार्म मोजणं अवघड, आणि शॅडोइंगची अनिश्चितता त्यात मिसळते. इनपुट वीस टक्क्यांनी हलवलं की उत्तर चाळीस टक्क्यांच्या वर हलतं. त्यामुळेच दोन अगदी वेगळी प्रारूपं एकाच विदेला जुळतात. ब्राउन-मुंझिंगर आणि श्टाखेल यांच्या चित्रात प्लाझ्मात एकही जे/साय नसतो. प्लाझ्मा थंड होऊन हॅड्रॉन (प्रोटॉनसारखे क्वार्कांचे बांधलेले कण) बनतात त्या शेवटच्या क्षणी सगळे जुळतात. दुसऱ्या चित्रात प्लाझ्माभर फुटणं आणि जुळणं सतत चालू असतं. नुसत्या जे/सायच्या संख्येवरून या दोघांत निवाडा होत नाही.

दुसरी. माझ्या दृष्टीने संख्येपेक्षा बळकट पुरावा लंबवर्तुळी प्रवाहाचा आहे. दोन केंद्रं थोडी बाजूने आदळली की प्लाझ्माचा आकार बदामी होतो. अरुंद बाजूला दाब जास्त झपाट्याने उतरत असल्यामुळे कण त्या दिशेला जास्त निघतात. २०१७ मध्ये अ‍ॅलिसने दाखवलं की जे/सायही असेच एका दिशेला जास्त निघतात. जे/साय स्वतः रंगहीन आणि घट्ट. प्लाझ्मा त्याला वाहून नेणार नाही. त्याच्या अंगात प्रवाह आला तो ज्या चार्मपासून तो जुळला त्यांच्याकडून. ते चार्म जुळण्याआधी प्लाझ्माबरोबर वाहत होते. अप्सिलॉन(१एस)साठी अ‍ॅलिसने हेच मोजलं तर प्रवाह शून्याशी सुसंगत निघाला. बॉटमच्या जोड्या एका टकरीत मोजक्याच असतात, जुळायला जोडीदारच नाही, तेव्हा हेही चित्रात बसतं.

दीर्घवृत्त

पहिली हरकत मान्य. म्हणूनच साय(२एस)चं मोजमाप महत्त्वाचं आहे. शेवटच्या क्षणी जुळण्याचं चित्र आणि सतत जुळण्याचं चित्र साय(२एस) आणि जे/साय यांचं गुणोत्तर वेगवेगळं सांगतात. अ‍ॅलिसने ते ५.०२ टीईव्हीला मोजलं. प्रोटॉन-प्रोटॉनच्या तुलनेत साय(२एस) जे/सायपेक्षाही सुमारे दुपटीने जास्त घटलेला निघाला. समोरासमोरच्या टकरींत आकडा सतत जुळण्याच्या चित्राकडे झुकतो. झुकतो एवढंच म्हणतो, कारण ओंजळ म्हणतात तो उंचवटा फार बारीक आहे.

लंबक

अप्सिलॉनचा उल्लेख आला तर त्यावर लिहा की कुणीतरी. जुळण्याचा गोंधळ तिथे नाही, मग तापमापक म्हणून तोच बरा नाही का?

ओंजळ

बराच बरा. या सगळ्या विषयातलं एकच चित्र कुणाला दाखवायचं असेल तर मी सीएमएसचा अप्सिलॉनचा आलेख दाखवेन. प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये तीन टोकं स्पष्ट: ९.४६ला उंच, १०.०२ला मध्यम, १०.३६ला लहान. शिसं-शिशात पहिलं टोक उभं आहे, दुसरं पार खचलेलं, आणि तिसऱ्याच्या जागी पार्श्वभूमी सरळ निघून जाते. २०१२च्या निकालात १एस ०.५६, २एस ०.१२, आणि ३एससाठी फक्त वरची मर्यादा, ०.१०. मात्सुई आणि झात्स यांच्या कल्पनेतली उतरंड तशीच्या तशी. ३एस शिसं-शिशात आहे हे खात्रीने म्हणता यायला आणखी दहा वर्षं आणि कितीतरी पट विदा लागली.

प्रश्नचिन्ह

मग १एस ०.५६ म्हणजे तोही अर्धा वितळला?

ओंजळ

घाई नको. ५.०२ टीईव्हीला तर तो ०.३८ आहे. पण ढोबळ हिशेब करून बघा. प्रोटॉन-शिशात १एस ०.८च्या आसपास येतो. शिसं-शिशात दोन्ही बाजूंना शिसं, म्हणून ०.८ गुणिले ०.८, साधारण ०.६४. शिवाय १एसपैकी तीसएक टक्के वरच्या स्तरांतून आलेले. ते स्तर जवळपास संपले असं धरलं तर ०.६४ गुणिले ०.७, म्हणजे ०.४५. मोजलेल्या ०.३८च्या फार लांब नाही. थेट जन्मलेला १एस प्लाझ्मात थोडाफार फुटत असेल, पण सरसकट वितळत नाही. स्टार प्रयोगाने आरएचआयसीवर २०० जीईव्हीला १एससाठी ०.४०च्या आसपास आकडा दिला आहे. तापमानात एवढा फरक असून आकडे इतके जवळ, हे याच दिशेने बोट दाखवतं. थंड परिणाम दोन्हीकडे सारखे नसतात, त्यामुळे यावर फार जोर देणार नाही.

अनुस्वार

एक मूलभूत प्रश्न. 'झाकलं जाणं' हेच कारण आहे हे कुणी थेट तपासलंय का?

कणाकण

तपासलंय, आणि उत्तर धक्कादायक आहे. २००७ मध्ये लाइने, फिलिपसेन, रोमाच्के आणि टासलर यांनी दाखवलं की प्लाझ्मातल्या जड जोडीच्या स्थितिज ऊर्जेला एक काल्पनिक भागही (गणितातल्या संमिश्र संख्येला असतो तसा) असतो. वास्तव भाग सांगतो ओढ किती झाकली गेली. काल्पनिक भाग सांगतो की प्लाझ्मातले ग्लुऑन धक्के देऊन जोडी किती वेगाने फोडतात. म्हणजे ओढ शाबूत असली तरी जोडी फुटू शकते. तिला ठरावीक आयुष्य मिळतं आणि तापमानाबरोबर ते आखडत जातं.

२०२३ मध्ये लॅटिस क्यूसीडीच्या (क्वार्कांच्या बलाचा सिद्धांत संगणकावर जाळी मांडून सोडवण्याची पद्धत) एका मोठ्या गणनेत असं निघालं की प्लाझ्माच्या तापमानालाही वास्तव भाग फारसा झाकलेला दिसत नाही. काल्पनिक भाग मात्र मोठा आहे आणि तापमान व अंतर दोन्हींबरोबर वाढतो. हा निष्कर्ष विदेतून वर्णपट कसा काढता यावर अवलंबून आहे आणि त्यावर चर्चा चालू आहे. टिकला तर १९८६ची यंत्रणा बाजूला पडेल, पण उतरंड राहील, कारण ऐसपैस जोडीला धक्के जास्त बसतात.

म्हणून आता 'वितळलं की नाही' असं विचारत नाहीत. फुटण्याचा दर किती, जुळण्याचा दर किती, असं विचारतात. जोडी म्हणजे मोठ्या माध्यमात बसवलेली छोटी क्वांटम प्रणाली मानून लिंडब्लाड समीकरणाने तिचा प्रवास सोडवतात. अप्सिलॉनसाठी ही पद्धत चांगली चालते. शंभर जोड्यांच्या चार्मसाठी ती अजून तितकी हाताळण्याजोगी नाही.

लंबक

म्हणजे तापमापक म्हणायचं की नाही?

दीर्घवृत्त

मी म्हणणार नाही. तापमापक माध्यमाशी समतोलात येतो आणि मगच आकडा दाखवतो. इथे प्लाझ्मा पसरतो आहे, थंड होतो आहे आणि जोडी त्याच्याबरोबर बदलते आहे. हाती येतो तो संपूर्ण प्रवासाचा परिणाम. अप्सिलॉनच्या तीन टोकांवरून प्लाझ्माच्या सुरुवातीच्या तापमानाचा अंदाज काढता येतो, पण प्रसरणाचं प्रारूप मधे घातल्यावरच.

अनुस्वार

आणि पुढे काय मोजणार आहेत?

कणाकण

मला दोन गोष्टींची उत्सुकता आहे. एक म्हणजे बी-सी, चार्म आणि बॉटम यांची मिश्र जोडी. ती प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत इतकी दुर्मीळ असते की प्लाझ्मात थोडी जरी जुळणी झाली तरी आर-एए एकदम वर जायला हवा. सीएमएसने शिसं-शिशात ती २०२२ मध्ये प्रथम दाखवली, आणि तुलनेने कमी संवेगाला तिची घट कमी दिसते. खरा मंद भाग अजून मोजायचाच आहे.

दुसरी म्हणजे छोटी केंद्रं. जुलै २०२५ मध्ये एलएचसीत ऑक्सिजन-ऑक्सिजन टकरी झाल्या. तिथे चार्मच्या जोड्या शिशापेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे जुळणी क्षीण, पण थेंबभर प्लाझ्मा झाला तर सैल साय(२एस)ला तो जाणवायला हवा. प्रोटॉन-शिशात साय(२एस) जे/सायपेक्षा जास्त घटतो हे आधीच दिसलं आहे आणि त्याचं कारण प्लाझ्मा की बरोबरीने निघालेल्या कणांच्या धडका, यावर एकमत नाही. ऑक्सिजनमधलं हेच गुणोत्तर मिळालं की तो वाद पुढे सरकेल.

ओंजळ

ऑक्सिजनमध्ये पार्श्वभूमीची टेकडीही बुटकी असते, त्यामुळे तो उंचवटा शोधणं शिशापेक्षा सोपं जाईल. विदा मात्र थोडक्या दिवसांची आहे, तेव्हा साय(२एस)च्या आकड्यावरची त्रुटी मोठी राहील. आधी जे/साय नीट येईल.